पुरून ठेवलेले हजार
(मंडळीतील गुणदर्शनाच्या रात्रीविषयी उपदेश)

शास्त्रपाठ : मत्तय 25:14–30



हंगामाचे दाणे घरात येऊन पडले म्हणजे खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत सणाच्या तयारीस आरंभ होतो. हंगामाच्या सणास किंवा नाताळच्या आठवड्यात एक रात्र गुणदर्शनासाठी राखून ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. कोणी गीत म्हणतो, कोणी पेटी वाजवितो, तरुण मंडळी शास्त्रातील एखाद्या कथेचा संवाद करून दाखवितात, लहान मुले वचने पाठ म्हणतात. शहरातून शिकून आलेली मुले ह्या रात्रीस 'टॅलेंट शो' म्हणतात. नाव नवे असले तरी वस्तू जुनीच आहे.

ह्या रात्रीविषयी मंडळीत सहसा दोन मते ऐकू येतात. कित्येक वडील म्हणतात, "ही मुलांची करमणूक आहे, उपासनेशी तिचा काय संबंध?" कित्येक तरुण म्हणतात, "आजच्या दिवस उपदेश पुरे, आज मौज करू द्या." दोघांचे बोलणे निराळे, पण त्यातील मत एकच आहे. ते हे की, ह्या रात्री प्रभूचे काही काम नाही. हे मत शास्त्राच्या कसोटीस उतरते काय, ते आज आपण पाहू.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'टॅलेंट' हा शब्द मूळचा ग्रीक असून ते एका मोठ्या वजनाचे नाव होते. त्या वजनाने चांदी तोलीत असत. मत्तयाच्या 25 व्या अध्यायातील धनी परदेशी जाताना आपल्या चाकरांच्या हाती अशीच तोललेली संपत्ती सोपवितो. ह्या दाखल्यावरूनच पुढे युरोपातील भाषांत त्या शब्दास 'अंगचा गुण' असा अर्थ आला. तेव्हा जी रात्र कित्येकांना प्रभूविना चालेल असे वाटते, तिचे नावच मुळी प्रभूच्या दाखल्यातून निघाले आहे. ज्याने नाव दिले त्यालाच दाराबाहेर कसे ठेवता येईल?

आपल्या प्रचारातील मराठी शास्त्रात ही रक्कम रुपयांत दिली आहे. एका चाकरास पाच हजार, दुसऱ्यास दोन हजार आणि तिसऱ्यास एक हजार. हे भाषांतर झाले त्या काळी हजार रुपये म्हणजे गरिबाचे डोळे दिपविणारी रक्कम होती. आज हजार रुपये आठवड्याच्या बाजारात एका फेरीत संपून जातात. म्हणून आजच्या वाचकास वाटते की, तिसऱ्या बिचाऱ्याच्या वाट्यास फारच थोडे आले, आणि त्याने ते पुरले तर त्यात एवढे काय बिघडले? परंतु मूळ हिशेब असा आहे : एक टॅलेंट म्हणजे सुमारे 6,000 दीनार. आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय 20) शेतमजुराची एका दिवसाची मजुरी एक दीनार ठरली आहे. शब्बाथ व सण वगळून वर्षाचे 300 दिवस काम मिळाले असे धरले, तरी 6,000 दिवस म्हणजे 20 वर्षांची मजुरी झाली. तिसरा चाकर दरिद्री नव्हता. ज्याच्या हाती सर्वांत कमी आले, त्याच्याही हाती मजुराने अर्धे आयुष्य घाम गाळून मिळवावे इतके धन आले होते.

प्रियजनहो, ही गोष्ट मनात पक्की करून घ्या, कारण पुढचे सर्व बोलणे हिच्यावर उभे आहे. प्रभूच्या घरात लहान देणगी नाहीच. आमच्या वस्तीतील एखादी आजी म्हणते, "मला काय येते? दोन ओव्या येतात." एखादा शेतगडी म्हणतो, "मला नुसती शीळ घालता येते, पाखराला ओ देता येते." तो आपल्या हाती एक हजार पाहतो, पण देणाऱ्याच्या वहीत 20 वर्षांची मजुरी मांडलेली आहे.

आता तो चाकर असे का वागला ते पाहा. त्याने धन उधळले नाही, जुगारात घालविले नाही, कोणाचे चोरलेही नाही. जमिनीत द्रव्य पुरून ठेवणे ही त्या काळी चाललेली रीत होती. शेतात लपविलेल्या ठेवीचा दाखला प्रभूनेच दिला आहे (मत्तय 13:44). आपल्याकडेही हंडे पुरून ठेवीत असत. मग त्याचे चुकले कोठे? हिशेबाच्या वेळी तो स्वतःच कारण सांगतो की तो भ्याला. आणि भ्याला का, तर धनी कठोर आहे असा त्याचा समज होता. ह्या चाकराचा आळस त्याच्या भीतीतून निघाला, आणि भीती निघाली धन्याविषयीच्या खोट्या समजुतीतून.

येथे मी मंडळीस एक प्रश्न विचारितो. आमच्या भित्र्या मुलांना, लाजऱ्या बायांना, अडखळत बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना ही भीती कोणी शिकविली? प्रभूने तर शिकविली नाही. मुलगा उभा राहिला, वचन अर्धे म्हणून विसरला, आणि मागच्या सतरंजीवरून हशा उठला. बाईने गीताचा सूर वर धरला, तो पोहोचला नाही, आणि दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला. पुढल्या वर्षी तो मुलगा उभा राहत नाही, आणि ती बाई चुलीचे निमित्त सांगून घरी राहते. त्या हशाने त्यांस हेच शिकविले की ह्या घराचा धनी कठोर आहे, आणि पेरले नाही तेथे कापणी करू पाहतो. दाखल्यातील चाकराने आपले धन आपल्या हाताने पुरले. आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा एकाचे धन दुसराच पुरतो, आणि त्याची कुदळ म्हणजे हसणे होय.

म्हणून ह्या दाखल्याचा उपदेश केवळ गाणाऱ्याला नाही. तो रात्र भरविणाऱ्यालाही आहे, आणि ऐकणाऱ्यालाही आहे. तिघांचा विचार आपण एकामागून एक करू.

पहिला विचार : जो उभा राहतो त्याच्याविषयी

दाखल्यातील धन चाकरांचे नव्हते. पाच हजारांवर दुसरे पाच मिळविणाऱ्यानेही मुद्दल व नफा दोन्ही धन्यापुढे आणून ठेविले. ज्याचा गळा गोड आहे त्याने तो गळा कोणत्या बाजारातून विकत आणिला? ज्याची बोटे पेटीवर सहज फिरतात त्याने ती बोटे स्वतः घडविली काय? निवासमंडपाच्या कामाकरिता परमेश्वराने बसालेल व अहलियाब ह्यांस निवडिले, तेव्हा सोने, लाकूड, विणकाम व भरतकाम ह्यांचे कौशल्य आत्म्याने त्यांच्या ठायी घातले असे शास्त्र सांगते, आणि ते दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धीही दिली असे लगेच सांगते (निर्गम 35). गुणाबरोबर शिकविण्याचे कर्तव्य येते. जो मुलगा तीन गीते वाजवितो परंतु शेजारच्या मुलास पेटीला हात लावू देत नाही, त्याचे हजार वर दिसत असले तरी पुरलेलेच आहेत.

उभे राहणाऱ्यांनी दावीद राजाकडे पाहावे. कराराचा कोश यरुशलेमेत आणिला तेव्हा तो तागाचे एफोद नेसून परमेश्वरापुढे सर्व बळाने नाचला (2 शमुवेल 6). शौलाची कन्या मीखल हिने खिडकीतून ते पाहिले आणि मनात त्याचा तिरस्कार केला, कारण राजाने दासींसमोर असे वागावे हे तिला शोभले नाही. दावीदाने तिला दिलेल्या उत्तराचा भाव असा की, हे मी परमेश्वरापुढे केले, आणि ह्याहूनही हलका व्हावयास मी तयार आहे. गाणाऱ्याने हे ध्यानात धरावे. टाळ्या पडल्या म्हणून फुगू नये, आणि न पडल्या म्हणून खचू नये, कारण ज्याच्यापुढे आपण उभे आहो तो टाळ्या मोजीत नाही.

खोट्या विनयाविषयीही एक शब्द. "मी पामर, मला काही येत नाही," असे चार वेळा म्हणवून घेऊन पाचव्या वेळी उठणे ह्यास नम्रता म्हणत नाहीत, ती आर्जव करवून घेण्याची हाव होय. बोलाविले तर उठावे, आपले म्हणावे आणि बसावे. नम्रता ह्यातच आहे.

दुसरा विचार : जो रात्र भरवितो त्याच्याविषयी

गुणदर्शनाचा यजमान म्हणजे बहुधा गावचा शास्त्रशिक्षक, पाळक किंवा मंडळीचा एखादा वडील असतो. यजमानाचे काम फार जोखमीचे आहे. शास्त्रात असे तीन समारंभ सांगितले आहेत की तेथे यजमान चुकला आणि अनर्थ झाला. अहश्वेरोश राजाने सातव्या दिवशी द्राक्षारसाच्या भरात वश्ती राणीस बोलाविले, ते तिचे रूप लोकांस दाखविण्याकरिता. तिने येण्याचे नाकारिले आणि तिचे राणीपद गेले (एस्तेर 1). हेरोदाने आपल्या वाढदिवशी हेरोदियेच्या कन्येचा नाच करविला, भर सभेत शपथ वाहिली, आणि पाहुण्यांपुढे आपला शब्द खाली पडू नये म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शीर तबकात दिले (मार्क 6). पलिष्ट्यांनी आंधळ्या केलेल्या शमशोनास दागोनाच्या देवळात आणविले आणि त्याची फजिती पाहावयास गच्चीवर 3,000 माणसे जमली (शास्ते 16). तिघांची चूक एकच होती. त्यांनी माणसास आपल्या मोठेपणाचे खेळणे केले. देणगी जेथे जबरीने काढून घेतली जाते तेथे गुणदर्शन राहत नाही, तेथे वेठबिगार सुरू होते.

ह्याउलट दावीद पाहा. त्या एकाच दिवशी तो नाचणाराही होता आणि यजमानही होता. नाचून झाल्यावर त्याने सर्व लोकांस, पुरुषांस तशीच स्त्रियांसही, एकेक भाकर व खाऊ सारखा वाटून दिला. मग तो आपल्या घरी गेला. जो स्वतः हलका होतो आणि सर्वांस सारखे देतो तो खरा यजमान.

दाखल्यात यजमानाच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. धनी त्या भित्र्या चाकरास असे म्हणत नाही की तू इतरांसारखा व्यापारच करावयास पाहिजे होता. तो म्हणतो, निदान पेढीवर ठेवावयाचे होते, म्हणजे मुद्दल व्याजासह मिळाले असते. भित्र्यासाठीही मार्ग होता! ज्याला बाजारात उभे राहवत नाही त्याच्याकरिता पेढी होती. बंधूंनो, यजमानाने अशी पेढी व्हावे. जी आजी लोकांसमोर उभी राहणार नाही, तिच्याकडून तिच्या ओव्या शब्बाथ शाळेच्या चार मुलींस शिकवून घ्याव्या आणि त्या मुलींनी त्या म्हणाव्या. ज्याला बोलता येत नाही पण कागदाचे तारे कापता येतात, त्याच्या ताऱ्यांनी देऊळ सजवावे आणि त्याचे नाव सर्वांसमोर घ्यावे. ज्याच्या हातचे पिठले-भाकरी सर्वांस आवडते, त्याच्या चुलीचाही त्या रात्री मान व्हावा. जेथे अशी पेढी आहे तेथे कोणासही आपले धन मातीत ठेवण्याची पाळी येत नाही.

तिसरा विचार : मंडळीने पुरून ठेवलेल्या ठेवीविषयी

आता एक अवघड गोष्ट बोलतो. आपल्या अनेक मंडळ्या महार व मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. त्या वस्त्यांत गाणे व वाजविणे पिढ्यांपिढ्या वसत आले होते. हलगी, डिमडी, सनई, संबळ ही वाद्ये आमच्या वडिलांच्या हातांत बोलत होती. बायांच्या ओठी जात्यावरच्या ओव्या होत्या. पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि ओवीही मागे पडली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ ह्या दोघां अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. अशी ही ठेव खेड्याखेड्यांतून पडली होती. आमच्या किती मंडळ्यांनी आपल्याच म्हाताऱ्यांजवळ बसून ती विचारली?

मिशनच्या आरंभीच्या काळात आपल्या उपासनेतील पुष्कळ गीते इंग्रजी चालींवर बसविलेली होती. पुढे नारायण वामन टिळक (1861–1919) ह्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि अभंग, भजन व कीर्तन ही ह्या भूमीची संपत्ती प्रभूच्या पायांशी आणून ठेविली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (1868–1936) ह्यांस लग्नाच्या वेळी लिहितावाचता येत नव्हते, परंतु पतीच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले. त्या वेळच्या मंडळीने टिळकांस म्हटले असते की तुमचा अभंग वेशीबाहेर ठेवून या, तर आज आपली उपासना किती दरिद्री राहिली असती! आपण अभंग मानाने घेतला. मग आपल्याच वस्तीतील हलगीला देवळाच्या पायरीवर का थांबवितो?

कोणी म्हणेल, "हलगी जत्रेत वाजते, मूर्तीपुढे वाजते, ती प्रभूच्या घरात कशी चालेल?" ह्याचे उत्तर दानीएलाच्या 3 ऱ्या अध्यायात आहे. नबुखद्नेस्सराने सोन्याची मूर्ती उभारली तेव्हा शिंग, बासरी व तंतुवाद्ये ह्यांचा नाद कानी पडताच सर्वांनी दंडवत घालावे अशी आज्ञा होती. तरी स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रात शिंग, वीणा, डफ, बासरी व झांजा ह्या सर्वांस परमेश्वराच्या स्तुतीस बोलाविले आहे. वाद्य कोणापुढे वाजते ते पाहावे. कातडे व लाकूड ह्यांस पाप लागत नाही.

परंतु दुसरी हरकत ह्याहून खरी आहे, आणि ती मान खाली घालून ऐकिली पाहिजे. कित्येक बंधू म्हणतात, "ते वाद्य आमच्या गुलामीची खूण आहे. आमचा बाप गावकीच्या लग्नात ते वाजवीत मांडवाबाहेर उभा राहिला, आणि आत पंक्ती बसल्या तेव्हा त्याला उष्टे मिळाले. ते पुन्हा हातात घ्यावयास सांगू नका." ज्याचे हृदय असे बोलते त्याला कोणीही आग्रह करू नये. वश्तीला बोलाविणारा राजा आपणांस व्हावयाचे नाही. "तुम्ही त्या जातीचे, तुम्हांस वाजविता येतच असेल," असे म्हणून कोणाच्या हाती हलगी देणे हे प्रभूच्या घरात पुन्हा गावकी बसविणे होय, आणि हे मोठे पाप आहे.

तेव्हा नियम असा धरावा : मागू नये, आणि अडवू नये. ज्याने हलगी टाकिली त्याचा सन्मान करावा, कारण त्याने अपमान टाकिला. आणि जो स्वखुशीने ती घेऊन येतो व म्हणतो, "जी मी मांडवाबाहेर वाजवीत होतो ती आज घराच्या आत, धन्यासमोर वाजवीन," त्याला पहिल्या ओळीत जागा द्यावी. पौलाने करिंथकरांस लिहिले आहे की शरीराचे जे अवयव कमी मानाचे वाटतात त्यांस आपण अधिक मान देतो (1 करिंथ 12). गुणदर्शनाच्या रात्री हे वचन पाळण्याची संधी आपल्या हाती येते.

चौथा विचार : व्यवस्थेविषयी

शास्त्रशिक्षक बंधूंनो, ह्यापुढील बोलणे विशेषेकरून तुमच्याकरिता आहे. हे नियम साधे आहेत, कोणत्याही लहान मंडळीस पाळता येतील.

एक. क्रम चिठ्ठ्यांनी ठरवावा. दावीदाने मंदिराचे गायक नेमिले तेव्हा त्यांची संख्या 288 होती. त्यांच्या 24 चिठ्ठ्या टाकिल्या, आणि प्रत्येक चिठ्ठीस 12 जण आले. लहानथोर, गुरू व शिष्य सर्वांस एकच रीत लाविली (1 इतिहास 25). आपणही चिठ्ठ्या टाकाव्या. मग कोणास असे म्हणता येणार नाही की, पाळकांची मुलगी आधी आणि मजुराची मुलगी लोक उठून गेल्यावर.

दोन. आठ दिवस आधी घरोघर जावे. जे आपण होऊन नाव देतात त्यांच्याकडे जाण्याची घाई नाही. जे नाव देत नाहीत त्यांच्या ओट्यावर अगोदर बसावे. शेतावर कामास गेलेल्यांस संध्याकाळी भेटावे. बायांकडे बायबलबाईने जावे. "तुम्हांस काय येते?" असे न विचारिता, "तुमची आई काय म्हणत असे?" असे विचारावे. त्या प्रश्नाने पुरलेले पुष्कळ वर येते.

तीन. पहिले, दुसरे, तिसरे असे बक्षीस लावू नये. दाखल्यात ज्याने पाच मिळविले आणि ज्याने दोन मिळविले, त्या दोघांची धन्याने केलेली स्तुती ताडून पाहा (मत्तय 25:21 व 23). एकाच शब्दांत दोघांची प्रशंसा केली आहे, त्यात एक अक्षर कमी-जास्त नाही. प्रभूने जेथे क्रमांक लाविला नाही तेथे आपण कशास लावावा? द्यावयाचेच असेल तर दावीदाप्रमाणे सर्वांस सारखे द्यावे. मग ती एक पेन्सिल असो वा एक लाडू.

चार. कोणी अडखळला तर यजमानाने थांबू नये. त्याच्याबरोबर ते वचन मोठ्याने म्हणावे आणि मंडळीनेही म्हणावे. मुलगा विसरला आणि सर्व देवळाने ते वचन उचलले, तर ज्या घटकेस त्याची फजिती व्हावयाची तीच घटका सर्वांची उपासना होते.

पाच. हल्ली प्रत्येकाच्या हाती मोबाईल असतो. मुलीबाळींचे गाणे त्यांच्या व आईबापांच्या संमतीवाचून टिपू नये व चहूकडे पाठवू नये. देवळात धन्यापुढे केलेली गोष्ट चव्हाट्यावर हशाचा विषय झाली, तर ती मुलगी पुन्हा उभी राहणार नाही.

सहा. शेजाऱ्यांचा विचार करावा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री 10 पासून सकाळी 6 पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सरकारने मोजक्या सणांच्या दिवशी सवलत दिली असेल तर गोष्ट वेगळी. कायदा पाळणे हेही ख्रिस्ती माणसाचे साक्ष देणेच आहे. आपल्या स्तुतीने शेजारच्या तान्ह्या मुलाची झोप मोडू नये. इतर धर्माच्या शेजाऱ्यांस आदराने बोलवावे, आणि आले तर पुढे बसवावे.

सात. यजमानाने थोडे बोलावे. योहान बाप्तिस्मा करणारा ह्याने प्रभूपुढे स्वतः लहान होण्यात आनंद मानिला. सूत्र हाती आहे म्हणून प्रत्येक गीताच्या आधी स्वतःचे पाच मिनिटांचे भाषण करणारा यजमान दुसऱ्यांच्या वेळातून आपले व्याज काढतो. आरंभी प्रार्थना, शेवटी प्रार्थना, आणि मध्ये माणसाचे नाव स्पष्ट उच्चारणे, एवढे केले की पुरे.

पाचवा विचार : जे ऐकतात त्यांच्याविषयी

मीखल खिडकीत बसली होती. ती समारंभात नव्हती, आणि घरातही नव्हती. ती फक्त पाहत होती आणि तोलीत होती. गुणदर्शनाच्या रात्री आपणांपैकी पुष्कळजण त्याच खिडकीत बसतात. सूर लागला की नाही, लुगडे जुने की नवे, उच्चार गावंढळ की शुद्ध, हेच ते पाहतात. ऐकणे हीही देणगी आहे, आणि तिचाही हिशेब व्हावयाचा आहे. जो मन लावून ऐकतो तो गाणाऱ्याच्या धनात आपले धन घालतो. विधवेने दानपेटीत दोन टोल्या टाकिल्या तेव्हा मोठमोठी दाने पडतच होती. पण प्रभू बसून पाहत होता, आणि त्याने त्या दोन टोल्या ओळखिल्या (मार्क 12). ज्याला प्रभूसारखे ऐकता येते त्याला बेसूर गाण्यातही सर्वस्व ओळखू येते.

शेवटी हिशेबाची घटका. धनी परत येईल असे दाखला सांगतो. त्या दिवशी तो गाणाऱ्यास विचारील, "माझे मुद्दल काय केलेस?" आणि मला वाटते, मंडळीच्या वडिलांस व शास्त्रशिक्षकांसही विचारील, "त्या वस्तीत मी इतक्या जणांच्या हाती इतके सोपविले होते. त्यांपैकी किती तुमच्या पायांखाली पुरलेले राहिले?" त्या वेळी मातीचे हात घेऊन उभे राहणे फार कठीण जाईल. अजून वेळ आहे, आणि कुदळ आपल्याच हाती आहे. तिने पुरता येते, तसे उकरताही येते.

आणि ज्यांनी विश्वासूपणे काम केले त्यांस धन्याने आपल्या आनंदात सहभागी होण्यास आत बोलाविले. लूकाच्या 12 व्या अध्यायात प्रभू ह्याहूनही विलक्षण गोष्ट सांगतो : जागे राहिलेल्या चाकरांस धनी स्वतः कंबर बांधून पंक्तीस बसवील आणि वाढावयास येईल. प्रियजनहो, तोच खरा यजमान. त्याच्या मांडवाबाहेर कोणी वाजवीत उभा राहणार नाही, कोणास उष्टे मिळणार नाही, आणि ज्याला येथे कोणी कधी बोलाविले नाही त्याचेही नाव तेथे स्पष्ट उच्चारिले जाईल. येत्या सणाच्या रात्री आपल्या लहानशा देवळात, कंदिलाच्या किंवा विजेच्या उजेडात, त्या पंक्तीची थोडीशी चव आपणांस घेता येईल. ती प्रत्येकास सारखी मिळावी, एवढेच यजमानाने पाहावे.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू आम्हां प्रत्येकाच्या हाती विपुल धन ठेविले आहेस. ज्यांनी भीतीने ते पुरले त्यांची भीती काढ. ज्यांनी हसून दुसऱ्याचे पुरविले त्यांस पश्चात्ताप दे. जे रात्र भरवितात त्यांस सेवकाचे मन दे. आणि तू येशील तेव्हा आमच्या वस्त्यांतील एकही हजार मातीखाली सापडू नये, असे कर. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.